नवी लाईन ओढल्यापासून आरसीसीबी सारखी पडतेय? आधी न्यूट्रल तपासा

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. ओट्यावर मिक्सर आणि इंडक्शनसाठी दोन पॉवर प्लग हवे होते, न्हाणीजवळ वॉशिंग मशीनसाठी एक हवा होता. डीबीतून, म्हणजे घराच्या मुख्य बटणांच्या पेटीतून, नवी लाईन ओढली, टेस्टर लावला, पेटला, काम झालं. दुसऱ्या दिवसापासून आरसीसीबी, म्हणजे करंट कुठं गळाला की लाईट तोडणारं डीबीतलं बटण, पडायला लागली. वर केली की बसते आणि मिक्सर फिरवला की पडते. कधी दोन दिवस काहीच होत नाही, कधी कुणी कशाला हात न लावता पडते. मग कुणीतरी येऊन एकेक एमसीबी, म्हणजे प्रत्येक लाईनचं वेगळं बटण, पाडून बघतो, काही सापडत नाही, नवी आरसीसीबी बसवून जातो. आठवड्यात तीही पडते.

मी आयटीआयला वायरमन ट्रेड केलाय, परवाना आहे, आणि दिवसा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मेंटेनन्सचं काम बघतो. ही भानगड मी बऱ्याच घरांत सोडवलीय. पण कसबा बावड्यात ताईच्या घरी एकाच लाईनवर दोन वेगवेगळे दोष निघाले, आणि दोन्ही न्यूट्रलचे, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरचे. पहिला काढल्यावर सगळं निस्तरलं असं मलाही वाटलं होतं. म्हणून तेच घर धरून सांगतो.

घर जुनं. पुढं सोपा आणि माजघर, पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती. मागं परड्याच्या बाजूला नंतर बांधलेलं स्लॅबचं स्वयंपाकघर आणि न्हाणी. डीबी सोप्यात. त्यात दोन आरसीसीबी, एक पुढच्या भागाची आणि एक मागच्या भागाची. दोन्ही ४० अँपिअरच्या, ३० मिलीअँपिअर गळतीला पडणाऱ्या. ही व्यवस्था चांगली असते, कारण एका भागात दोष आला तरी दुसऱ्या भागातली लाईट जात नाही. नवी लाईन दाजींनी स्वतः ओढली होती. केसिंग पट्टी एकदम सरळ रेषेत आणि फेजची, म्हणजे करंट आणणारी, वायर अडीच स्क्वेअर एमएमची, म्हणजे योग्य जाडीची. कामात हयगय नव्हती.

ताईचा फोन आला. "परत पडलं बघ. मिक्सर लावला की घरभर अंधार. नुसता मोबाईल लावला की काय होत न्हाई."

मी विचारलं, "एक पडते का दोन्ही?"

"दोन्ही एकदम पडत्यात."

तिथंच मला निम्मं उत्तर मिळालं. मागच्या भागातला मिक्सर लावल्यावर पुढच्या भागाची आरसीसीबी पडायचं काही कारण नाही. ती पडत असेल, तर मिक्सरचा करंट कुठंतरी तिच्यातून जातोय.

आरसीसीबीच्या आत एक लोखंडी कडं असतं आणि फेज-न्यूट्रल दोन्ही त्यातून जातात. फेजने जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलने परत आला, तर दोघांचा परिणाम एकमेकांना मारतो आणि कड्याला काही कळत नाही. गेलेल्यात आणि आलेल्यात फरक पडला, की बाकीचा करंट दुसऱ्याच वाटेने गेला असं ती समजते आणि दोन्ही तारा तोडते. तो दुसऱ्या वाटेने गेलेला करंट भिंतीतून गेला, अर्थिंगमधून गेला की माणसाच्या अंगातून गेला, हे तिला कळत नाही. तिला फक्त जमाखर्च कळतो. बरेच लोक तिला अजून ईएलसीबी म्हणतात. एमसीबीचं काम वेगळं. ती जास्त लोड आणि शॉर्टसर्किट बघते, गळती तिला दिसत नाही. त्यामुळे तुमच्याकडं नेमकं काय पडतंय ते आधी नीट बघून घ्या. आरसीसीबीवर छोटं टेस्ट बटण असतं, साध्या एमसीबीवर नसतं.

एमसीबी पडत असेल तर प्रश्न सोपा आहे. २००० वॉटचं इंडक्शन, ७५० वॉटचा मिक्सर आणि १२०० वॉटचा मायक्रोवेव्ह एका लाईनवर लावले, की २३० व्होल्टला १७ अँपिअर होतात. १६ अँपिअरची एमसीबी हे एवढं काही वेळ चालवून घेईल, पण त्यात आणखी भर पडली की तापून पडणारच. मोठी एमसीबी बसवणं हा त्यावर उपाय नाही. ती वायरच्या जाडीप्रमाणे ठरलेली असते, आणि मोठी बसवली तर तिच्याआधी वायर तापेल. लोड दोन लाईनींवर वाटा.

आता पहिला दोष. दाजींनी फेज मागच्या भागाच्या नव्या एमसीबीतून घेतली होती. न्यूट्रल मात्र सोप्यापर्यंत परत नेण्यापेक्षा माजघराच्या बोर्डातून घेतला, कारण तो स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच आहे. "न्यूट्रल काय पाव्हणं, सगळीकडं एकच की," असं ते म्हणाले. पंधरा-वीस फूट वायर वाचली. हा विचार चुकीचा आहे असं ऐकून त्यांना नवल वाटलं, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. फ्यूजच्या जमान्यात असंच चालायचं, लाईट पेटायची, कुणाची तक्रार नसायची. घरात आरसीसीबी आली तेव्हापासून हे चालत नाही.

मिक्सर फिरवला की सव्वातीन अँपिअर मागच्या आरसीसीबीतून बाहेर पडायचे आणि पुढच्या आरसीसीबीतून परत यायचे. एकीला गेलेला करंट परत आलेला दिसत नाही, दुसरीला न गेलेला करंट परत येताना दिसतो. सव्वातीन अँपिअर म्हणजे ३२५० मिलीअँपिअर, आणि त्यांची हद्द आहे ३० ची. दोघी पडणारच. मोबाईलचा छोटा चार्जर इतका थोडा करंट घेतो की तो हद्दीच्या आत राहू शकतो. म्हणून "चार्जर चालतो, मिक्सर चालत नाही" ही खूण लक्षात ठेवा. खरी गळती असेल तर ती उपकरण किती मोठं आहे ते बघत नाही. उधार न्यूट्रल असेल तर लोड वाढला की हमखास पडते, मग मिक्सर लावा, इस्त्री लावा नाहीतर साधा १०० वॉटचा दिवा लावा.

एकच आरसीसीबी असलेल्या घरात उधार न्यूट्रलने ती पडणार नाही, दोष लपून राहील. पण तिथंही न्यूट्रल उधार घेऊ नका. त्याचं कारण मला पडण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

माजघराची लाईन दिव्या-पंख्यांची, दीड स्क्वेअर एमएमची, ६ अँपिअरच्या एमसीबीवरची. तिच्या न्यूट्रलमधून आता स्वयंपाकघराचा १५ अँपिअरही परत येऊ शकतो, आणि तो मोजणारं तिथं कुणी नाही, कारण एमसीबी फेजमध्ये असते. वायर भिंतीत तापत राहील आणि कुठलंच बटण पडणार नाही. दुसरा धोका त्याहून वाईट. उद्या कुणी माजघराचा पंखा दुरुस्त करायला तिथली एमसीबी पाडेल, टेस्टर लावून फेज मेल्याची खात्री करेल आणि निर्धास्तपणे न्यूट्रलचा जोड सोडेल. त्या वेळी स्वयंपाकघरात काही चालू असेल, तर त्या उपकरणातून आलेले २३० व्होल्ट त्या सुटलेल्या काळ्या वायरच्या टोकावर उभे असतात. काळ्या वायरला सगळे न्यूट्रल समजून हात लावतात. मी अशा सुटलेल्या टोकाला टेस्टर लावलाय आणि तो लख्ख पेटलेला बघितलाय.

खात्री कशी केली ते सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दिवा, पंखा, स्विच, फ्यूज बदलण्यापलीकडचं काम, म्हणजे नवी लाईन टाकणं किंवा असलेल्या वायरिंगमध्ये भर घालणं, हे आपल्याकडच्या नियमांप्रमाणे शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडून, परवाना असलेल्या माणसाच्या हातूनच करायचं असतं. पट्टी ठोकणं, झिरी पाडणं, पाइप बसवणं, कुठं किती पॉइंट हवेत ते ठरवणं हे घरच्याने खुशाल करावं. डीबीचं झाकण उघडायचं काम परवानाधारकाकडं द्या. पुढच्या तपासण्या मी लिहितोय त्या तुम्ही त्याच्या शेजारी उभं राहून करून घ्याव्यात म्हणून. त्या करायच्या राहून जातात आणि नवी आरसीसीबी मात्र बसते.

मेन स्विच पाडला. इन्व्हर्टर असलेल्या घरात त्याचं आउटपुटही बंद करावं लागतं, नाहीतर मेन पाडूनही काही वायरी जिवंत राहतात. मेनच्या वरच्या बाजूला मीटरकडून येणाऱ्या वायरी तर कायमच जिवंत असतात. मग मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ, तिन्ही ठिकाणी शून्य व्होल्ट असल्याचं बघितलं. टेस्टरवर मी या बाबतीत विसंबत नाही. दोन्ही आरसीसीबी पाडल्या, सगळे प्लग काढले. आता दोन्ही भागांच्या न्यूट्रल पट्ट्या एकमेकींपासून सुटल्या. मल्टिमीटर बीपवर ठेवून, म्हणजे दोन टोकांमध्ये वायर सलग असली की वाजेल असा, एक टोक ओट्यावरच्या नव्या सॉकेटच्या न्यूट्रलला आणि दुसरं मागच्या भागाच्या न्यूट्रल पट्टीला लावलं. आवाज नाही. पुढच्या भागाच्या पट्टीला लावल्याबरोबर वाजला. दाजींनी मीटर हातात घेऊन स्वतः दोनदा करून बघितलं.

उपाय सरळ. माजघरातला जोड सोडला, आणि नव्या लाईनसाठी अडीच स्क्वेअर एमएमची वेगळी काळी वायर थेट मागच्या आरसीसीबीच्या न्यूट्रल पट्टीपर्यंत नेली. अर्थिंगची हिरवी वायरही त्याच जाडीची, थेट अर्थ पट्टीपर्यंत. ज्या आरसीसीबीतून फेज निघाली तिच्यातच न्यूट्रल परत यायला हवा. मिक्सर फिरला, इंडक्शन चाललं, ताईने चहा केला, मी घरी आलो.

आठ-नऊ दिवसांनी पाऊस लागला आणि पुन्हा फोन. या वेळी फक्त मागची पडत होती. पण कधी? सोप्यात इस्त्री लावली की. आणि पहाटे, नळाला पाणी यायच्या वेळेला, कुणी काहीच लावलेलं नसताना. दाजींनी मागच्या भागाच्या सगळ्या एमसीबी पाडून बघितल्या होत्या, तरी आरसीसीबी पडत होती. त्यांचं म्हणणं, "सगळं बंद हाय, तरी पडत्या. म्हणजे बटनच खराब." हा निष्कर्ष चुकीचा असला तरी काढायला अगदी साहजिक आहे, आणि चांगल्या आरसीसीबी कचऱ्यात जातात त्या याच कारणाने.

एमसीबी पाडली की फक्त फेज तुटते. घरातली साधी एमसीबी एक पोलची असते. त्या लाईनचा न्यूट्रल आरसीसीबीला तसाच जोडलेला राहतो. तो न्यूट्रल पुढं कुठं अर्थला टेकलेला असेल, तर एमसीबी पाडून दोष सुटत नाही. म्हणून एकेक एमसीबी पाडत शोधायची पद्धत फेजच्या गळतीला उपयोगी आणि या दोषाला निरुपयोगी.

पण फेजच नाही तर करंट कुठून येतो? न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरजवळ जमिनीला जोडलेला असतो, आपल्या दारापर्यंत येताना त्यावर थोडे व्होल्ट चढतात. लोड जितका जास्त तितके जास्त. सोप्यात इस्त्री लावली की घराकडं येणाऱ्या न्यूट्रलमधून चार-पाच अँपिअर जास्त जातात आणि त्याचे व्होल्ट आणखी थोडे चढतात. पहाटे पाण्याच्या वेळेला गल्लीतल्या मोटरी सुरू झाल्या की तेच. समजा अर्थिंगच्या तुलनेत न्यूट्रलवर एकच व्होल्ट आहे आणि अर्थिंगच्या वाटेचा रोध दहा ओहम आहे. न्यूट्रल कुठं अर्थला टेकला असेल तर १०० मिलीअँपिअर तिकडून वाहतात. ३० पुरे असतात.

तेव्हा पडण्याची वेळ टिपून ठेवा. मला तर वही-पेन्सिल मीटरइतकीच कामाची वाटते. त्याच भागात लोड लावल्यावर पडते की दुसऱ्या भागात लावल्यावर, ठराविक वेळेला पडते की पावसात, हे लिहिलेलं असलं की अर्धा दिवस वाचतो. ताईने कॅलेंडरवर वेळा लिहून ठेवल्या होत्या, आणि "इस्त्री" हा शब्द त्यात चार वेळा होता.

या वेळी तपासणी अशी केली. मेन पाडला, मागची आरसीसीबी पाडली, सगळे प्लग काढले. मागच्या भागाच्या न्यूट्रल पट्टीवरून एकेक काळी वायर सोडली, आधी प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवून. मग प्रत्येक सुटी न्यूट्रल आणि अर्थ पट्टी यांच्यामध्ये मेगर लावला. मेगर ५०० व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासतो. साधा मल्टिमीटर लहान बॅटरीवर चालतो, त्याला ओल दिसेलच असं नाही. मेगर लावण्याआधी टीव्ही, चार्जर, एलईडी दिवे, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सुटे करा, नाहीतर ते जातील. वाचन निदान १ मेगओम हवं, आणि चांगल्या कोरड्या वायरिंगमध्ये ते त्याच्या कितीतरी वर असतं. जुन्या लाईनी चांगल्या निघाल्या. नव्या लाईनीवर काटा शून्याजवळ बसला.

न्हाणीबाहेरच्या वॉशिंग मशीनच्या पॉइंटला लोखंडी बॉक्स होता. प्लेट बसवताना लांब स्क्रू मागच्या वायरीवर जाऊन न्यूट्रलचं आवरण कापून गेला होता. बॉक्सला अर्थिंग होतं, ते बरोबरच होतं. कोरड्यात स्क्रूचं टोक तांब्याला जेमतेम टेकायचं, कधी टेकायचं नाही. भिंत ओली झाली, बॉक्समध्ये दमट आलं आणि जोड पक्का झाला. वायरचा तो तुकडा बदलला, स्क्रू आखूड घेतला, वायरी बॉक्सच्या एका कडेला दाबून बसवल्या आणि पुन्हा मेगर लावला. काटा वर गेला. लाईन पुन्हा जोडायच्या आधी हे वाचन घ्या. पहिल्या वेळी मी ते घेतलं असतं तर ताईला दुसऱ्यांदा फोन करावा लागला नसता.

आता जे करू नका ते. आरसीसीबी पडते म्हणून तिला बाजूला टाकून थेट जोडणारे आहेत. ३० च्या जागी १०० किंवा ३०० मिलीअँपिअरची बसवणारेही आहेत. त्या आगीपासून बचावासाठी ठीक, पण माणसाला लागणारा शॉक त्या वेळेवर तोडत नाहीत. आणि सगळ्यांत घातक म्हणजे अर्थिंगची वायर काढणं. ती काढली की पडायचं खरंच थांबतं, म्हणून लोकांना वाटतं दोष गेला. गळती तशीच असते. तिची जमिनीकडं जायची वाट तेवढी तुटलेली असते. मग मशीनचा पत्रा जिवंत होऊन वाट बघतो, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून त्याला हात लावणारं माणूस ही पुढची वाट होते. ताईच्या न्हाणीसमोर रोज लहान भाची खेळते. मी हे लिहितोय ते तिच्यासाठीही.

न्यूट्रल दोन्ही बाजूंनी निर्दोष निघाला आणि तरी पडत असेल, तर मग फेजची गळती शोधा. तिथं एमसीबी पाडायची पद्धत चालते. गिझरचं एलिमेंट, पाण्याची मोटर, उघड्यावरचा परड्यातला दिवा, स्लॅबमधून पाझरणाऱ्या पाण्याखालचा जोड, या क्रमाने बघतो. पुराचं पाणी शिरलेल्या घरात, २०१९ ला आणि २०२१ ला नदीकाठच्या किती घरांत ते सॉकेटच्या वर चढलं होतं, तिथले बुडालेले स्विच-सॉकेट वाळवून वापरू नका. आतला गाळ वाळतो पण जात नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात दमट धरून गळायला लागतो. बदलून टाका, आणि तळमजल्यावर नवी लाईन टाकताना पॉइंट पुराच्या खुणेच्या वर घ्या.

कधी दोष एकाचा नसतो. संगणक, वॉशिंग मशीन, इंडक्शन यांच्यातल्या फिल्टरमधून थोडी थोडी गळती चांगल्या स्थितीतही अर्थिंगकडं जाते. एका आरसीसीबीवर अशी बरीच उपकरणं आली की बेरीज हद्दीजवळ जाते. ३० ची आरसीसीबी १५ च्या वर कधीही पडू शकते, तो तिचा दोष नाही. अशा घरात लाईनी दोन आरसीसीबींवर वाटाव्यात किंवा न्हाणी-स्वयंपाकघराला स्वतंत्र आरसीबीओ द्यावी, जिच्यात एमसीबी आणि गळतीचं संरक्षण एकत्र असतं. वाटताना फेजबरोबर न्यूट्रलही हलवायचा, हे विसरलं की पुन्हा पहिल्या दोषापासून सुरुवात.

ताईकडं आता डीबीच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवलाय. कुठली एमसीबी कुठल्या खोलीची, तिचा न्यूट्रल कुठल्या पट्टीवर कितव्या स्क्रूखाली, आणि त्या दिवशीचं मेगरचं वाचन. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दाजी दोन्ही टेस्ट बटणं दाबून बघतात आणि त्याच कागदावर तारीख टाकतात.